पंचवीस कप्प्यांचं वाद्य

चाळीस वर्षांपूर्वीच्या घरगुती संगणकांवर आजही हौशी संगीतकार नव्या रचना करत आहेत. ज्या यंत्रात चार सेकंदांहून मोठं ध्वनिमुद्रण मावत नाही, त्यावर पाच-पाच मिनिटांचं संगीत वाजतं कसं?

चार मिनिटांचं गाणं फोनमध्ये उतरवून घेतलं की साधारण चार मेगाबाइट जागा जाते. एमपी-३ची नेहमीची, १२८ किलोबिटची प्रत असेल तर हिशेब सरळ आहे: दर सेकंदाला १६ किलोबाइट. आता १९८२ साली बाजारात आलेला कमोडोर ६४ हा संगणक घ्या. त्याची सगळी मिळून स्मृती ६४ किलोबाइट. या हिशेबाने त्यात जेमतेम चार सेकंदांचं गाणं बसेल, आणि मग दुसऱ्या कशालाच जागा उरणार नाही.

तरीही १९८५मध्ये रॉब हबर्ड या ब्रिटिश संगीतकाराने ‘मॉन्टी ऑन द रन’ या खेळासाठी त्याच यंत्रावर पाच मिनिटांहून मोठी धून रचली. तीत धावती सुरावट आहे, घुमणारा खर्ज आहे, ढोलाचे ठोके आहेत, मध्येच गिटारसारखे ओढून घेतलेले स्वर आहेत. खेळ, त्याची चित्रं आणि त्याचे नियमही त्याच स्मृतीत होते. मग एवढं संगीत राहत होतं कुठे?

या प्रश्नाचं उत्तर समजलं, की आजचा एखादा हौशी संगीतकार जुना संगणक माळ्यावरून काढून, झटकून, त्यावर नव्याने रचना का करतो, हेही समजायला लागतं.

ध्वनी साठवायचा नाही, घडवायचा

एमपी-३ फाइलमध्ये आधी कुणीतरी गायलेला, वाजवलेला ध्वनी मुद्रित केलेला असतो. कमोडोर ६४च्या धुनेत मुद्रित ध्वनी नसतो. तिच्यात असतात सूचना: आता हा स्वर लाव, एवढा वेळ धर, आता सोड. पानावर छापलेल्या स्वरलिपीला जेवढी जागा लागते, तेवढीच या सूचनांना लागते. म्हणून बहुतेक रचना काही किलोबाइटांत आटोपतात.

पण स्वरलिपी वाचून दाखवायला वादक हवा आणि त्याच्या हातात वाद्य हवं. कमोडोर ६४मध्ये ते वाद्य म्हणजे २८ पायांची एक चिप. तिचं नाव सिड, क्रमांक ६५८१. ती रचली मॉस टेक्नॉलॉजी या अमेरिकी कंपनीतल्या बॉब यानेस या अभियंत्याने. यानेस यांना इलेक्ट्रॉनिक संगीताची आवड होती आणि संगणकांसाठी तेव्हा मिळणाऱ्या ध्वनिचिपा त्यांना संगीताच्या दृष्टीने फारच प्राथमिक वाटत. त्यामुळे खेळातले ‘टुक-टुक’ आवाज काढून थांबेल अशी चिप त्यांनी बनवली नाही. त्यांनी एक छोटा सिंथेसायझरच, म्हणजे विजेच्या लहरींपासून स्वर घडवणारं वाद्य, त्या चिपमध्ये बसवला. पुढे त्यांनी काही सहकाऱ्यांसोबत एन्सोनिक ही सिंथेसायझर बनवणारी कंपनीच काढली.

या वाद्याला पट्ट्या नाहीत, तारा नाहीत, भाता नाही. आहेत ते २५ कप्पे. त्यांना रजिस्टर म्हणतात. प्रत्येक कप्प्यात ० ते २५५मधला एक आकडा ठेवता येतो. आकडा बदलला की आवाज बदलतो. संपूर्ण वाद्य एवढंच आहे.

कप्प्यांची वाटणीही लक्षात ठेवायला सोपी आहे. सिडला तीन गळे आहेत, म्हणजे एका वेळी तीन स्वतंत्र स्वर निघू शकतात. प्रत्येक गळ्याला सात कप्पे: दोन स्वराच्या उंचीसाठी, दोन लहरीच्या रुंदीसाठी, एक लहरीचा प्रकार निवडायला आणि स्वर चालू-बंद करायला, आणि दोन स्वराचा चढउतार ठरवायला. तीन साते एकवीस. उरलेले चार तिघांना सामाईक: तीन फिल्टरचे आणि एक एकूण आवाजाचा.

लहरीचे चार आकार

ध्वनी म्हणजे हवेतलं कंपन. सेकंदाला किती कंपनं, यावरून स्वराची उंची ठरते; प्रत्येक कंपनाचा आकार कसा, यावरून त्याचा पोत ठरतो. सारंगी आणि बासरी एकाच पट्टीत एकच स्वर लावत असल्या तरी कान त्या वेगळ्या ओळखतो, कारण त्यांच्या कंपनांचे आकार वेगळे असतात.

सिडमध्ये असे चार आकार मिळतात. त्रिकोणी लहर मऊ असते, बासरीच्या जवळ जाणारी. करवतीच्या दात्यांसारखी लहर भरीव आणि झणझणीत असते, कारण मूळ स्वराबरोबर त्याचे वरचे सगळे उपस्वर तिच्यात वाजतात. चौकोनी लहर पोकळ वाटते. चौथा प्रकार म्हणजे नुसती खरखर; तिला ठरावीक स्वर नसतो, पण झांज, वारा, स्फोट आणि तालवाद्यं तिच्याशिवाय होत नाहीत.

यांतली चौकोनी लहर संगीतकारांची विशेष लाडकी आहे. एका कंपनाचा किती भाग वर आणि किती भाग खाली, हे तिच्यात ० ते ४,०९५ या आकड्यांनी ठरवता येतं. बरोबर मध्यावर, २,०४८ला, आवाज गोल आणि पोकळ. आकडा कमी करत नेला की तो बारीक आणि अनुनासिक होतो. हा आकडा स्वर चालू असतानाच हळूहळू सरकवत राहिलं, तर एकाच गळ्यातून दोन वाद्यं किंचित बेसूर होऊन सोबत वाजत असल्यासारखा दाटपणा येतो. सिडचं संगीत नुसतं ऐकून जाणकार ओळखतात, त्यात या सरकत्या रुंदीचा वाटा मोठा आहे.

एवढं झाल्यावर तयार आवाज फिल्टरमधून सोडता येतो. फिल्टर म्हणजे आवाजातला एखादा भाग, समजा वरचा तीक्ष्ण भाग, कापून टाकणारी सोय. सिडमध्ये फिल्टर एकच आहे. तीन गळ्यांपैकी कुणाला त्यातून न्यायचं, हे संगीतकार ठरवतो. बहुधा तो मान खर्जाला मिळतो.

स्वर उमटतो कसा, विरतो कसा

लहर नुसती चालू केली आणि बंद केली तर डोअरबेलसारखा आवाज येईल. खरी वाद्यं अशी वाजत नाहीत. तबल्यावर थाप पडताच आवाज एकदम उसळतो आणि लगेच विरतो. सारंगीवर गज टेकला की स्वर सावकाश फुलतो आणि गज फिरत असेपर्यंत टिकतो. हार्मोनियमची पट्टी सोडली की स्वर जवळजवळ तत्काळ थांबतो.

हा सगळा फरक सिडमध्ये चार आकड्यांत मांडलेला आहे. पहिला चढ: शांततेपासून पूर्ण आवाजापर्यंत जायला किती वेळ. दुसरा उतार: शिखरावरून खाली यायला किती वेळ. तिसरा टिकाव: स्वर धरून ठेवलेला असताना आवाज किती. चौथा विराम: सोडल्यावर विरायला किती वेळ. प्रत्येकाला सोळा पायऱ्या आहेत. चढ दोन सहस्रांश सेकंदापासून आठ सेकंदांपर्यंत जातो, उतार आणि विराम सहा सहस्रांश सेकंदापासून २४ सेकंदांपर्यंत. चढ शून्य, उतार लहान, टिकाव शून्य ठेवला की छेडलेल्या तारेचा भास होतो. चढ मोठा आणि टिकाव पूर्ण ठेवला की गजाने वाजणाऱ्या वाद्याचा.

इथे चिपमध्ये एक खोट आहे, आणि प्रत्येक सिड-संगीतकाराला ती सांभाळावी लागते. चढउतार मोजणारा आतला गणक ३२,७६८पर्यंत मोजतो. नवा स्वर सुरू करताना नवी मर्यादा गणकाच्या चालू आकड्याहून लहान असेल, तर तो ती मर्यादा ओलांडून गेलेला असतो. मग तो पूर्ण फेरी मारून परत येईपर्यंत स्वर उमटतच नाही. यात एका सेकंदाचा तिसावा भाग जाऊ शकतो. कानाला ठोका चुकल्यासारखं वाटायला तेवढं पुरतं. उपाय असा, की नवा स्वर येण्याच्या थोडं आधीच जुना स्वर सोडायचा, चढउताराचे कप्पे शून्यावर आणायचे आणि गणकाला जागेवर यायला वेळ द्यायचा. गवय्या पुढच्या तानेआधी श्वास घेतो, तशी ही जागा रचनेतच राखून ठेवावी लागते.

सेकंदाला पन्नास निर्णय

कप्प्यांतले आकडे बदलतो कोण? संगणकातला एक छोटा प्रोग्राम. तोच आपला वादक.

युरोपातल्या कमोडोर ६४चा पडदा सेकंदाला ५० वेळा नव्याने रंगवला जायचा. संगणकाला ही घटना आयतीच कळायची, म्हणून प्रोग्रामर तिचाच ठोका धरत. प्रत्येक ठोक्याला मुख्य खेळ क्षणभर थांबतो, वादक-प्रोग्राम जागा होतो, सूचना वाचतो, २५पैकी हवे ते कप्पे बदलतो आणि काम पुन्हा खेळाच्या हवाली करतो. खेळणाऱ्याला यातलं काहीही जाणवत नाही.

प्रोसेसरचा वेग होता सेकंदाला सुमारे १० लाख आवर्तनं. ५० ठोक्यांत ती वाटली, की एका ठोक्याच्या वाट्याला येतात १९,६५६. त्यांतच खेळही चालायचा असतो, त्यामुळे वादकाने फार वेळ घेतलेला चालत नाही. तो किती वेळ घेतो हे पाहण्याची प्रोग्रामरांची एक साधी रीत होती. वादक सुरू होताना पडद्याच्या कडेचा रंग बदलायचा आणि त्याचं काम संपताच पूर्ववत करायचा. कडेवर रंगाचा एक आडवा पट्टा दिसू लागतो. पट्टा जितका जाड, तितका वादक हळू. संपूर्ण पडदा ३१२ रेषांचा. वीस रेषांचा पट्टा दिसला तर वादकाने ठोक्याचा साधारण पंधरावा भाग खाल्ला.

लयही याच ठोक्यांना बांधलेली असते. समजा लिहिलेली प्रत्येक ओळ सहा ठोके टिकते आणि चार ओळींची एक मात्रा धरली, तर मिनिटाला १२५ मात्रा होतात. ओळ पाच ठोक्यांची केली तर १५०. सात ठोक्यांची केली तर जेमतेम १०७. मधल्या लयी सरळ मिळत नाहीत. मग एक ओळ पाच ठोक्यांची आणि पुढची सहाची, अशी आलटून-पालटून ठेवायची; सरासरी १३६ येते. सात आणि पाच अशी जोडी लावली, तर लय १२५ राहते पण चाल झुलती होते.

या बांधणीचा आणखी एक परिणाम झाला. अमेरिकेतले पडदे सेकंदाला ६० वेळा रंगवले जात आणि तिथल्या कमोडोरचं घड्याळही किंचित जलद होतं. युरोपात पडद्याच्या ठोक्यावर रचलेली धून अमेरिकी यंत्रावर तशीच लावली, तर लय पंचमांशाने वाढते आणि स्वर जवळपास चार टक्क्यांनी चढतात. आजही रचना ऐकवताना ती कोणत्या यंत्रासाठी केली आहे, हे सांगायची पद्धत आहे.

तीन गळ्यांत भरलेला वाद्यवृंद

गळे तीनच. पण ऐकणाऱ्याला खर्ज, ढोल, झांज, स्वरसंघ आणि मुख्य सुरावट हे सगळं एकदम ऐकू येतं. हे साधतं वेळेच्या वाटणीतून.

स्वरसंघ म्हणजे एकाच वेळी वाजणारे तीन-चार स्वर, समजा सा, ग आणि प. ते खरोखर एकत्र वाजवायचे तर तिन्ही गळे त्यातच अडकतील. म्हणून संगीतकार एकाच गळ्याला पहिल्या ठोक्याला सा, दुसऱ्याला ग, तिसऱ्याला प, चौथ्याला पुन्हा सा असं गरगर फिरवतो. सेकंदाला सोळा-सतरा फेऱ्या होतात. अंधारात पेटती उदबत्ती वेगाने फिरवली की डोळ्यांना ठिणगी दिसत नाही, लाल कडं दिसतं. तसंच कानाचं होतं. सुटे स्वर एकमेकांत मिसळून एक थरथरता स्वरसंघ ऐकू येतो. जुन्या संगणकी संगीताची जी झुळझुळ अनेकांच्या लक्षात राहिली आहे, ती हीच.

ढोलासाठी वेगळा गळा ठेवत नाहीत. खर्जाच्याच गळ्यात तो घुसवतात. पहिल्या ठोक्याला खरखर, उंच स्वरात; पुढच्या दोन-तीन ठोक्यांत चौकोनी किंवा त्रिकोणी लहर, स्वर झपाट्याने खाली; लगेच खर्ज परत. तेवढा वेळ खर्ज प्रत्यक्षात गायब असतो. पण मोठ्या आवाजाखाली झाकला गेलेला आवाज मागे चालूच आहे, असं आपला मेंदू धरून चालतो आणि ती फट स्वतःच भरून काढतो.

मुख्य सुरावटीत जिथे विश्रांती असते, तिथे तोच गळा मघाचेच स्वर हलक्या आवाजात पुन्हा म्हणतो. ऐकणाऱ्याला मोठ्या दालनातला प्रतिध्वनी वाटतो. लांब स्वरावर वारंवारतेचा आकडा दर ठोक्याला थोडा वर, थोडा खाली केला की आंदोलन मिळतं.

म्हणजे या यंत्रावर रचना करणारा माणूस स्वर निवडून थांबू शकत नाही. प्रत्येक स्वराच्या पोटात दर ठोक्याला काय घडेल, हेही त्याला ठरवावं लागतं. धून आणि वाद्य दोन्ही तो एकाच बैठकीत घडवत असतो.

दोषातून निघालेला चौथा आवाज

एकूण आवाजाचा जो कप्पा आहे, त्याला सोळा पायऱ्या आहेत. ६५८१ चिपमध्ये ही पायरी बदलली की गळे गप्प असले तरी स्पीकरमधून ‘टक्’ असा आवाज येतो. अभियांत्रिकीच्या दृष्टीने हा दोष. पण ही पायरी सेकंदाला काही हजार वेळा, एखाद्या मुद्रित आवाजाच्या चढउताराप्रमाणे बदलली तर? सुटे ‘टक्’ जोडले जाऊन तो मुद्रित आवाजच ऐकू येतो, थोडा खरबरीत, पण ओळखू येईल असा. बेलफास्टमध्ये जन्मलेले आणि मँचेस्टरच्या ओशन सॉफ्टवेअरमध्ये काम केलेले मार्टिन गॉलवे यांनी १९८७च्या ‘अर्कनॉइड’ खेळाच्या संगीतात असे मुद्रित ताल तीन गळ्यांसोबत वाजवले.

गंमत पुढेच आहे. कमोडोरने नंतरच्या यंत्रांत ८५८० ही सुधारलेली चिप बसवली. तिच्यात तो दोष दूर केलेला होता, आणि म्हणून जुन्या रचनांमधले मुद्रित आवाज नव्या यंत्रावर जवळजवळ ऐकू येईनासे झाले.

फिल्टरचीही अशीच कथा. ६५८१चा फिल्टर कारखान्यातल्या बारीक फरकांमुळे प्रत्येक चिपमध्ये थोडा वेगळा वागतो. एका संगीतकाराने स्वतःच्या यंत्रावर जुळवलेला खर्ज दुसऱ्याच्या यंत्रावर बुजका किंवा कर्कश होऊ शकतो. एकाच कारागिराच्या दोन तंबोऱ्यांची जवारी जशी तंतोतंत सारखी नसते, तसा हा प्रत्येक चिपचा स्वतःचा आवाज आहे. आजचे शौकीन आपल्या चिपचा क्रमांक आणि निर्मितीचं साल आवर्जून सांगतात, ते त्यामुळेच.

[चौकट] एक स्वर वाजवून पाहा

जुनं यंत्र नसेल तर व्हाइस हा मोफत एम्युलेटर, म्हणजे कमोडोर ६४ची हुबेहूब नक्कल करणारा प्रोग्राम, आजच्या संगणकावर चालतो. त्यात बेसिक भाषेतली ‘पोक’ ही आज्ञा देऊन कप्प्यात आकडा ठेवता येतो. सिडचे कप्पे ५४२७२ ते ५४२९६ या क्रमांकांचे आहेत.

• ५४२९६मध्ये १५: एकूण आवाज पूर्ण.
• ५४२७७मध्ये ९: चढ तत्काळ, उतार सुमारे पाऊण सेकंद.
• ५४२७८मध्ये ०: टिकाव नाही.
• ५४२७२मध्ये ६९ आणि ५४२७३मध्ये २९: स्वराची उंची. २९ गुणिले २५६ अधिक ६९ म्हणजे ७,४९३. युरोपीय यंत्रावर हा ४४० कंपनांचा स्वर.
• ५४२७६मध्ये ३३: करवती लहरीचे ३२, स्वर सुरू करण्याचा १.

तार छेडल्यासारखा स्वर येईल. पुन्हा ऐकायचा तर ५४२७६मध्ये आधी ३२ आणि मग ३३. करवतीऐवजी त्रिकोणी लहर हवी असेल तर १६ आणि १७.

आकड्यांपासून ओळींपर्यंत

सुरुवातीच्या काळात हबर्ड यांच्यासारखे संगीतकार धून थेट यंत्राच्या भाषेत, आकड्यांच्या रांगा टंकून लिहीत. संगीत येणारा आणि प्रोग्रामिंग येणारा माणूस एकच असावा लागे. त्यामुळे हे काम फार थोड्यांच्या हातात होतं.

ही कोंडी फोडली ती नियतकालिकांनी आणि हौशी मुलांनी. १९८६मध्ये जर्मनीच्या ‘६४-अर’ मासिकाने ख्रिस ह्युल्सबेक या तरुणाने लिहिलेला ‘साउंडमॉनिटर’ हा प्रोग्राम छापला. वाचकांनी तो पानांवरून पाहून आपापल्या यंत्रात टंकून घ्यायचा. आता स्वर रकान्यांत लिहिता येऊ लागले. पुढच्याच वर्षी कार्स्टन ओबार्स्की यांचा ‘अल्टिमेट साउंडट्रॅकर’ अमिगा या संगणकासाठी आला, आणि या प्रकारच्या सगळ्या साधनांना ट्रॅकर हेच नाव पडलं.

ट्रॅकरच्या पडद्यावर प्रत्येक गळ्याचा एक उभा रकाना असतो. एकेक ओळ म्हणजे वेळेचा एकेक तुकडा. ओळीत स्वराचं नाव, वाद्याचा क्रमांक आणि हवी असल्यास एखादी खास सूचना लिहायची. धून वाजू लागली की ओळी खालून वर सरकतात. साधारण ३२ किंवा ६४ ओळींचा एक तुकडा, आणि तुकड्यांच्या क्रमाची एक यादी. धृपद परत आलं की तुकडा पुन्हा लिहायचा नाही, त्याचा क्रमांकच लिहायचा. पाच मिनिटांचं संगीत काही किलोबाइटांत मावण्याचं दुसरं कारण हे.

आजचा हौशी संगीतकार याच वाटेने जातो. कुणी लॅपटॉपवर ‘गोटट्रॅकर’ वापरून लिहितो, कुणी खऱ्या कमोडोरवरच ‘सिड-विझार्ड’ उघडतो. आधी वाद्यं घडवायची: खर्ज, ढोल, मुख्य आवाज. मग तुकडे लिहायचे. मग खरी चिप असलेल्या यंत्रावर नेऊन ऐकायचं, फिल्टर जुळवायचा आणि कडेवरचा रंगीत पट्टा पाहून वादक किती वेळ खातो ते तपासायचं.

दुसरी यंत्रं, दुसरे मार्ग

सगळ्यांच्या नशिबी सिड नव्हता. ब्रिटनमध्ये घरोघरी गेलेल्या झेडएक्स स्पेक्ट्रमच्या ४८ किलोबाइटच्या यंत्रात ध्वनिचिपच नव्हती. होता एक लहान स्पीकर, आणि त्याला दोनच अवस्था: आत किंवा बाहेर. प्रोसेसरने स्वतः स्पीकरचा पडदा हलवत राहायचा, तरच स्वर. टिम फॉलिनसारख्यांनी तेवढ्यातूनही एकाच वेळी अनेक स्वर काढले, पण त्यासाठी प्रोसेसरचा सगळा वेळ द्यावा लागे, म्हणून असं संगीत बहुधा खेळ सुरू होण्याआधीच्या पडद्यावर वाजे.

भारतातल्या काही वाचकांना यातलं एक यंत्र शाळेत भेटलेलं असेल. १९८४मध्ये सुरू झालेल्या ‘क्लास’ या संगणक-साक्षरता प्रकल्पात आपल्याकडच्या शाळांमध्ये बीबीसी मायक्रो हे संगणक आले. त्यातल्या ध्वनिचिपेला चौकोनी लहरीचे तीन गळे आणि खरखरीचा एक, असे चार गळे होते. फिल्टर नाही, लहरीची रुंदी बदलायची सोय नाही. मात्र त्याच्या बेसिक भाषेत स्वराचा चढउतार ठरवणारी स्वतंत्र आज्ञा होती, त्यामुळे शाळकरी मुलालाही काही ओळींत वाद्य घडवता येत असे.

गंधार कोणता?

सिडकडे आपल्या संगीताच्या दृष्टीने एक मोठा गुण आहे. स्वराची उंची ठरवणाऱ्या दोन कप्प्यांत मिळून ६५,५३६ आकडे मावतात. दोन लगतच्या आकड्यांमधला फरक एका सेकंदाला ०.०६ कंपनांहूनही कमी. हार्मोनियमची पट्टी एकदा जुळवली की जुळवली; इथे स्वर हवा तिथे ठेवता येतो.

समजा षड्ज २४० कंपनांचा घेतला. त्याचा आकडा येतो ४,०८७, पंचमाचा ६,१३०. तंबोऱ्याच्या खर्जातून आपोआप ऐकू येणारा गंधार षड्जाच्या सव्वापट, म्हणजे ३०० कंपनांचा असतो. त्याचा आकडा ५,१०९. पाश्चात्त्य पद्धतीने सप्तकाचे बारा समान भाग केले तर गंधार येतो ५,१४९ला. दोन गंधारांमध्ये ४० आकड्यांचं अंतर आहे, आणि त्यातला प्रत्येक आकडा वाजवता येतो. तयार ट्रॅकरमध्ये समान भागांची सारणी आधीच भरलेली असते, म्हणून युरोपी रचना तशा ऐकू येतात. चिप त्यासाठी अडून बसलेली नाही. सारणी बदलली की गंधार बदलतो. आणि दर ठोक्याला आकडा थोडा थोडा सरकवला, की एका स्वरावरून दुसऱ्यावर जाणारी मींडही मिळते.

[चौकट] थोडक्यात

• जुन्या संगणकातली धून म्हणजे मुद्रित ध्वनी नव्हे, सूचनांची यादी; म्हणून ती काही किलोबाइटांत मावते.
• सिड चिपला तीन गळे, लहरीचे चार प्रकार, एक फिल्टर आणि आकडे ठेवायचे २५ कप्पे आहेत.
• वादक-प्रोग्राम सेकंदाला ५० वेळा जागा होऊन कप्पे बदलतो; लयही त्याच ठोक्यांना बांधलेली असते.
• स्वर वेगाने फिरवून स्वरसंघाचा, आणि खर्जात खरखर घुसवून ढोलाचा भास निर्माण करतात.
• आवाजाच्या कप्प्यातल्या दोषातून मुद्रित ताल वाजवण्याची युक्ती निघाली.

आजही कशासाठी?

‘हाय व्होल्टेज सिड कलेक्शन’ या संग्रहात आज पन्नास हजारांहून जास्त सिड-रचना आहेत आणि त्यात भर पडतेच आहे. जुन्या-नव्या संगणकांवर चित्रं आणि संगीत रचणाऱ्या हौशी मंडळींची परंपरा डेमोसीन म्हणून ओळखली जाते. २०२०मध्ये फिनलंडने आणि २०२१मध्ये जर्मनीने ती आपापल्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या राष्ट्रीय यादीत घेतली. हे सगळं केवळ बालपणाच्या आठवणीपोटी चालत असतं, तर कमोडोर बंद पडल्यानंतर जन्मलेली मुलं या छंदात आली नसती. ती आली आहेत.

मला याचं कारण त्या २५ कप्प्यांत दिसतं. आजच्या संगीत-सॉफ्टवेअरमध्ये हजारो तयार आवाज असतात; त्यातला कोणता कसा घडला, हे वापरणाऱ्याला माहीत नसतं आणि माहीत करून घ्यायला आयुष्य पुरणार नाही. सिड मात्र एका माणसाला पूर्ण कळू शकतो. त्याचा प्रत्येक कप्पा, प्रत्येक खोड, प्रत्येक अपुरेपण पाठ होऊ शकतं. एखाद्या वाद्याशी असं नातं जुळायला रियाज लागतो, आणि रियाजाची हौस असलेल्या माणसाला असंच वाद्य हवं असतं.

आणि या वाद्याच्या अजून पुष्कळ बाजू आपल्यासाठी मोकळ्या आहेत. ज्याला रागाची समज आहे आणि आकडेमोडीचा कंटाळा नाही, त्याने समान भागांची सारणी बाजूला ठेवून यमनाची सारणी लिहावी: तीव्र मध्यम कुठे, निषाद किती चढा, मींड किती ठोक्यांची. एम्युलेटर फुकट आहे, कप्पे पंचवीसच आहेत, आणि गंधार ५,१०९ला आहे.